दोर्मामोस की दुर्मामोस? स्पॅनिश सब्जंक्टिव्हमधली बदलती मुळं

आपण 'दूध' म्हणतो, पण 'दुधाला'. प्रत्यय लागला की ऊ ऱ्हस्व होतो आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. स्पॅनिश क्रियापदांचं मूळही असंच हलतं. तिथे कारण आघाताचं: ठरावीक क्रियापदांत मुळातल्या ए-ओवर जोर आला की त्यांचे 'ये' आणि 'वे' होतात.

सब्जंक्टिव्ह म्हणजे इच्छा, शंका, भावना सांगणाऱ्या वाक्यांत येणारं क्रियापदाचं रूप. ते बनवायची रीत अशी. साध्या वर्तमानकाळातलं 'यो'चं, म्हणजे 'मी'चं रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि उलटा स्वर लावा: ज्यांचं मूळ नाव आरने संपतं त्या आर-वाल्यांना ए, तसंच एर आणि इर-वाल्यांना आ. पेन्सार (विचार करणे), प्येन्सो, म्हणून प्येन्से. बोल्बेर (परतणे), ब्वेल्बो, म्हणून ब्वेल्बा.

घोळ होतो 'आम्ही'च्या रूपात. तिथे जोर पुढे सरकतो, म्हणून आर-एर क्रियापदांचं मूळ पुन्हा साधं: पेन्सेमोस, बोल्बामोस. 'यो'वरून डोळे मिटून केलेलं 'प्येन्सेमोस' चूक. मोठ्याने म्हणा, जोर 'से'वर पडतो, मग मूळ फुटायचं कारणच उरत नाही.

इर-वाली मात्र हट्टी. दोर्मिर (झोपणे) घ्या, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने: द्वेर्मा, द्वेर्मास, द्वेर्मा, दुर्मामोस, दुर्माइस, द्वेर्मान. जोर नसतानाही ओचा उ झालाच. तसंच सेन्तिरचं (वाटणे) स्येन्ता, पण सिन्तामोस. हा वारसा लॅटिनचा: तिथलं रूप होतं दोर्मिआमुस. त्यातल्या 'इ'ने आधीचा स्वर वर खेचला आणि स्वतः गडप झाला. पेदिरला (मागणे) ही कटकट नाही, सहाही रूपांत इ: पिदा, पिदामोस. पाचवं, बोसोत्रोसचं (अनेकांना उद्देशून म्हटलेल्या 'तुम्ही'चं) रूप मुख्यतः स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेपुरतं शिकत असाल तर सोडून द्या.

सेन्तिरच्या शेजारीच सेन्तार (बसवणे) बसलेलं असतं, आणि चांगल्या चांगल्यांची तिथे फसगत होते. 'स्येन्ता' हे सेन्तिरचं सब्जंक्टिव्ह, पण सेन्तारचं साधं वर्तमान. 'स्येन्ते'चं नेमकं उलट. अर्थ वाक्यावरूनच लावायचा. 'आम्ही'त दोघं वेगळी होतात: सिन्तामोस, सेन्तेमोस.

लिहिताना आणखी एक भानगड. पुढे ई (e) हे अक्षर आलं की झेडचा (z) सी (c) होतो, म्हणून एम्पेसारच्या (empezar, सुरू करणे) एम्प्येसेमध्ये सी लिहायचा. हुगारच्या (jugar, खेळणे) ह्वेगेमध्ये जी आणि ई यांच्या मध्ये यू घालायचा. तो विसरलात तर उच्चार 'ह्वेहे' होईल.