ओळखीचा शब्द दिसला की प्रूफ थांबवा

माहेर माझं पंढरपूर. तिथं मराठी आली की सगळं आलं. लग्न होऊन सोलापूरला आले, सासऱ्यांच्या छापखान्यात टायपिंगला बसले आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडले.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतले एक काका मुलाचा बायोडाटा करायला आले होते. घरात तेलुगू बोलणारे, पण वाचायला मराठी; आपल्याकडच्या बऱ्याच पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरांत असतं तसं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मुलगा काय करतो विचारलं तर म्हणाले, "उद्योगम् पुण्यात." मी टाइप केलं, 'उद्योग : पुणे'. वीस प्रती काढून दिल्या. आठ दिवसांनी काका परत. मुलीच्या मामानं विचारलं होतं, कारखान्यात मशीन किती, कामगार किती? मुलगा बिचारा कंपनीत नोकरीला. तेलुगूत उद्योगम् म्हणजे नोकरी.

सासरे ओरडले नाहीत. आयुष्यभर खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवलेला माणूस, अक्षर उलटं वाचायची सवय. म्हणाले, "जो शब्द कळत नाही तो तू विचारतेस. कळला असं वाटतं तो विचारत नाहीस."

तेव्हा मी, दिसायला एक पण भाषेगणिक अर्थ वेगळा अशा शब्दांची एक वही केली. आज तिला २२ वर्षं झाली. तुम्ही पत्रिका, पाट्या, पत्रकं करत असाल, किंवा नुसतं शेजारणीशी नीट बोलायचं असेल, तरी अशी वही करा.

वही आडवी धरून पाच रकाने आखा : मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू-दखनी. शब्द सुटा लिहू नका, माणसाच्या तोंडून आलेलं अख्खं वाक्य लिहा. सुटा शब्द लिहिला की चार दिवसांनी आपणच त्यात आपला अर्थ भरतो. माझ्या पहिल्या पानावर उद्योगाचंच गणगोत आहे. तेलुगूत उद्योगम् म्हणजे नोकरी, व्यवसायम् म्हणजे शेती, आणि परिश्रम म्हणजे आपण ज्याला उद्योग म्हणतो तो. हातमागाचा उद्योग असेल तर तेलुगूत तो 'परिश्रम' होतो. तिघं पाहुणे एकमेकांच्या पाटावर बसलेले. कन्नडमध्येही उद्योग नोकरीच आणि व्यवसाय शेतीच, म्हणजे अक्कलकोटकडचा शेतकरी अप्पा 'व्यवसाय' म्हणाला तर दुकान कुठं आहे ते विचारू नका.

आता, संशय कुठल्या शब्दांचा घ्यायचा? जो शब्द जितका सोवळा, जितका संस्कृत, तितका जास्त. लोकांना उलटं वाटतं. संस्कृत सगळ्यांची आजी, म्हणजे शब्द सगळीकडे सारखे, असं. शब्द सारखेच असतात हो, पण आजीच्या एका लुगड्यातून प्रत्येकीनं आपल्या मापाचं काहीतरी शिवून घेतलंय. 'चरित्र' घ्या. मूळ चालण्या-वागण्याशी संबंधित. हिंदीनं वागणूक ठेवली, म्हणजे शील. आपण एका माणसाच्या आयुष्याची हकिगत ठेवली. तेलुगूत चरित्र आणि कन्नडमध्ये चरित्रे म्हणजे सगळ्यांचीच हकिगत, इतिहास. 'उपन्यास' म्हणजे मुळात पुढे मांडणं. हिंदीत ती कादंबरी झाली, कन्नड-तेलुगूत व्याख्यान. कन्नड कॉलेजात 'उपन्यासक' असतो तो लेखक नव्हे, प्राध्यापक. आणि कादंबरी? बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या एका ग्रंथाचं नाव. मराठीनं आणि कन्नडनं ते अख्ख्या जातीलाच देऊन टाकलं.

इथं एक गोष्ट मला उशिरा कळली. मी धरून चालले होते की हिंदी आपली सख्खी, कन्नड-तेलुगू लांबच्या. अर्थाच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं निघतं. 'शिक्षा' मराठीत दंड, कन्नडमध्ये शिक्षे म्हणजे दंडच, तेलुगूतही दंडच. एकट्या हिंदीत ते शिक्षण. म्हणून २००१ पासूनचं 'सर्व शिक्षा अभियान' किंवा २०१८ पासूनचं 'समग्र शिक्षा' मराठी शाळेच्या भिंतीवर रंगवलं की मास्तर लोक गालातल्या गालात हसतात. 'संसार' आपल्याकडे घरप्रपंच, कन्नड-तेलुगूतही कुटुंबच, हिंदीत मात्र सारं जग. 'संशोधन' मराठी-कन्नडमध्ये नवं शोधणं, हिंदीत दुरुस्ती. संविधान-संशोधन म्हणजे घटनादुरुस्ती.

आणि नेमकी हिंदीतच माझ्याकडून जास्त चुका झाल्या. कारण लिपी. कन्नड-तेलुगूचं अक्षर दिसलं की हात आपोआप थांबतो. हिंदी देवनागरीत, त्यामुळे डोळा घसरत जातो. 'अनापत्ति प्रमाणपत्र' मी एकदा 'संकट नसल्याचा दाखला' करून ठेवलं होतं. ते आपलं ना हरकत. 'सहसा' आपल्याकडे बहुतेक वेळा, हिंदीत अचानक. 'यातायात' तिथं रहदारी, इथं जिवाची दगदग. हिंदी निमंत्रणावर 'पालक' लिहिलं की वाचणाऱ्याला आधी भाजी आठवते, तिथं 'अभिभावक' लिहा. तेव्हा हिंदी मजकूर असेल तर दुप्पट सावकाश वाचा.

फारसी-अरबी शब्दांचं वेगळं. ते कचेऱ्यांमधून आले आणि त्यांचा अर्थ कागदाबरोबर बदलला. 'राजीनामा' म्हणजे राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. उर्दूत तो तडजोडीचा. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून द्यायचा. जमीन सोडण्यावरून पद सोडण्यावर आपण गेलो असू. कन्नड-तेलुगूतही राजीनामा पद सोडण्याचाच. 'दफ्तर' उर्दूत ऑफिस, आपल्याकडे पोरांच्या पाठीवरची पिशवी. 'खुलासा' उर्दूत सारांश, हिंदी बातम्यांत गौप्यस्फोट, आपल्याकडे स्पष्टीकरण. आणि 'तालीम'! आमच्याकडे बार्शीचा एक पोरगा कामाला लागला होता. एका उर्दू शाळेच्या कार्यक्रमाचं पत्रक होतं, विषय तालीम, म्हणजे शिक्षण. यानं कोपऱ्यात मल्ल आणि दोन गदा टाकून प्रूफ काढलं. शाळेचे सर भले माणूस, हसत म्हणाले, "बेटा, कुश्ती नक्को."

तिसरी जात अस्सल देशी शब्दांची. यात कुळ शोधायला जाऊ नका, नुसता योगायोग असतो. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. च सुद्धा आपल्या चमच्यातला. माझ्या शेजारच्या अक्कांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला मी भात वाढत होते. समोरचे आजोबा हात आडवा धरून म्हणतायत, "चालु, चालु!" मी आणखी वाढतेय. त्यांच्या ताटात डोंगर झाला तेव्हा अक्कांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तसंच 'साकु'. कन्नडमध्ये पुरे, तेलुगूत सबब. बार्शीच्या पोराला तर पहिल्याच दिवशी घाम फुटला. प्रूफ द्यायला गेला, दारात एक काकू प्रेमानं म्हणाल्या, "रंडि, लोपलिकि रंडि." हा तसाच मागं फिरला. अरे बाबा, ते 'या, आत या' होतं, तेही आदरार्थी!

शब्द सापडल्यावर पारखायचा कसा? आधी क्रियापद बघा. 'राजीनामा दिला' म्हणजे पद सोडलं, 'राज़ीनामा हो गया' म्हणजे समेट झाला. पण यावर फार विसंबू नका. 'शिक्षा दिली' आणि 'शिक्षा दी', क्रियापद एकच, एकात छडी, दुसऱ्यात पुस्तक. अशा वेळी मी विरुद्ध अर्थ विचारते. समोरचा 'माफी' म्हणाला की एक, 'अडाणीपणा' म्हणाला की दुसरा. 'अवसर' हा माझ्या वहीतला सगळ्यात खोडकर शब्द याच युक्तीनं सुटला. अक्का म्हणाल्या, "अवसरम् लेदु." मला वाटलं, फुरसत नाही म्हणतायत. उलट काय, विचारलं तर उमगलं की त्यांना म्हणायचंय, गरज नाही. कन्नड अप्पा "अवसर माडबेड्री" म्हणतात ते 'घाई करू नका'. हिंदीत अवसर म्हणजे संधी. तीन गिऱ्हाइकं, तीन अर्थ, आणि तिन्ही एकाच दुपारी माझ्या टेबलावर.

तब्येतीचे शब्द मात्र तोंडपाठच करा, तिथं पारखत बसायला वेळ नसतो. कन्नडमध्ये 'हुषार इल्ल' म्हणजे हुशार नाही असं नव्हे, बरं नाही. विजापूरकडचे लोक 'आराम इल्ल' म्हणतात, तेही आजारपणच. विश्रांती मिळत नाही अशी तक्रार नव्हे. आणि तेलुगूत 'आलस्यम्' झालं म्हणजे उशीर झाला. अक्का आलस्यम् म्हणतात तेव्हा स्वतःला आळशी म्हणत नाहीत. पहाटेपासून विड्या वळणारी बाई ती.

मोबाईलला विचारायचं तर अख्खं वाक्य द्या, सुटा शब्द देऊ नका. मी विचारते, पण छापायच्या आधी माणसालाही विचारते. शक्यतो घरातल्या म्हाताऱ्या बाईला. शिकलेल्या मुलाला मराठी येत असते, तो मनात दुरुस्त करून वाचतो. आजी जे लिहिलंय तेच ऐकते.

प्रूफ दाखवताना "बरोबर आहे ना?" असं कधीही विचारू नका. घाईत सगळे 'हो' म्हणतात. वाचून दाखवा आणि म्हणा, "यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा." लग्नसराईत याला प्रत्येकी दहा मिनिटं जातात. जाऊ द्यात. पाचशे पत्रिका परत छापायला त्याहून जास्त जातात, आणि कागद आपल्या पदरचा. 'पत्रिका' म्हणताना पण आधी ठरवून घ्या. मराठी माणसाला लग्नाची आणि कुंडली दोन्ही आठवतात, हिंदीवाल्याला मासिक, कन्नडवाल्याला नुसती 'पत्रिके' म्हटली तर वर्तमानपत्र.

शेवटी प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घ्या. इथंही मी एकदा फसले. नवी पेठेतले एक हिंदी बोलणारे व्यापारी आले होते. मी म्हटलं, "इस पर सही कर दीजिए." त्यांनी पेन घेतलं, चष्मा लावला आणि अर्धा तास बसून ओळ न् ओळ 'सही' करत राहिले, म्हणजे दुरुस्त. अकरा चुका काढल्या, त्यातल्या सात खऱ्या होत्या. कन्नड माणूस सही म्हटलं की सहीच करतो. हिंदीवाल्यांना मी आता 'दस्तखत' म्हणते.