परातीवरचं नाव: घरात सापडलेलं जप्तीचं जुनं वॉरंट कसं वाचावं

कोर्टात बत्तीस वर्षं लिपिक म्हणून काढली, त्यातली अकरा नाझर शाखेत, म्हणजे समन्स-जप्तीची बजावणी करणाऱ्या शाखेत. त्यामुळे जप्तीचा कागद हातात आला की माझी बोटं आधी तो उलटा करतात. तुमच्याही घरातल्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात इंग्रजी अमदानीतला असा एखादा कागद असेल तर तेच करा. पुढची बाजू सरकारची, मागची तुमच्या घराची.

आमच्याकडचा कागद १९१९ चा आहे. साताऱ्याकडचं गाव. आजेसासऱ्यांनी बांधाच्या भांडणात शेजाऱ्याच्या थोबाडीत मारली, त्याबद्दल पाच रुपये दंड झाला. तो भरला गेला नाही आणि घरातली भांडी उचलली गेली. घरात एवढंच माहीत होतं. बाकीचं कागदानं सांगितलं.

वाचायच्या आधी कागद जपा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीशी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पुढचं सगळं काम फोटोवर करा. घडीवर अक्षर गेलं असेल तर घडी हळूच उघडून वेगळा फोटो घ्या.

पहिला प्रश्न, कोर्ट कुठलं? मागच्या शेऱ्यात बेलीफ आणि नाझर हे शब्द असतील तर बहुधा दिवाणी दरखास्त, म्हणजे सावकाराचं वगैरे देणं. पोलीस शिपायाचा बक्कल नंबर आणि म्याजिस्ट्रेट हा शब्द असेल तर फौजदारी. तालुक्याला मामलेदारच बहुधा दुसऱ्या वर्गाचा म्याजिस्ट्रेट असे, त्यामुळे शिक्का कचेरीचा दिसला म्हणून गोंधळू नका. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे तिसऱ्या वर्गाला ५० रुपयांपर्यंत, दुसऱ्याला २०० पर्यंत आणि पहिल्याला १००० पर्यंत दंड करता येई. दंड ३०० दिसला तर प्रकरण निदान पहिल्या वर्गापुढचं, हे शिक्का पुसला असला तरी कळतं. गाव औंध, फलटण, सांगली अशा संस्थानात असेल तर शिक्का संस्थानचा असतो आणि त्याचा शोध वेगळीकडे घ्यावा लागतो.

मग रक्कम. इथे घाई करू नका, कारण सगळी गोष्ट रकमेतच असते. मोडीत रुपयाच्या आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. १॥ दिसलं की दीड रुपया वाचायचं. बरेच जण त्या रेघांना एक समजतात आणि दीड रुपयाचे एकशे अकरा करतात.

आमच्या वॉरंटात एकूण सहा रुपये होते. दंड पाच, मग वरचा एक कुठून आला? दोन ओळींत दोनदा ॥ होतं. एक ॥ फिर्यादीच्या अर्जावरच्या तिकिटाचं, दुसरं समन्स बजावणीचं. १८७० च्या कोर्ट फी कायद्याचं कलम ३१ असं होतं की पोलिसांना वॉरंटाशिवाय पकडता येत नाही अशा गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला, तर फिर्याद्यानं भरलेली फी त्यानं परत द्यायची, आणि ती दंडासारखीच वसूल व्हायची. साधी मारहाण अशा गुन्ह्यांतलीच. १९२३ साली हीच तरतूद फौजदारी कायद्यात कलम ५४६अ म्हणून गेली. तेव्हा दंडाशिवायचे आणे दिसले तर तो कोर्टखर्च समजा आणि शेजारी कलम लिहिलंय का ते बघा.

कलमाचा आकडा नीट वाचा, असं मी पुन्हा सांगते. कारण 'दंडाप्रमाणे वसूल' या एका वाटेनं बऱ्याच वेगळ्या रकमा जात. फौजदारी प्रक्रिया कायद्याचं १४५ किंवा १४८ असेल तर जमिनीच्या ताब्याचा वाद आणि त्याचा खर्च. २५० असेल तर फिर्याद खोटी किंवा त्रासापायी केलेली ठरली आणि फिर्याद्यालाच भरपाई द्यावी लागली. ४८८ असेल तर एखाद्या बाईनं नवऱ्याकडे पोटगी मागितली होती आणि त्यानं ती थकवली. माझ्याकडे एक गृहस्थ आजोबांचा कागद घेऊन आले, आवाज खाली, आजोबा तुरुंगात जायच्या लायकीचे होते की काय अशी धास्ती. कागदावर १४८ होतं. आजोबांनी कुणाला बोटही लावलं नव्हतं, विहिरीच्या वाटेवरून भांडण होतं. कलम वाचायच्या आधी घरच्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका.

तारखा दोन असतात, शिक्षेची आणि वॉरंटाची. आमच्या कागदावर शिक्षा १९१७ ची, वॉरंट १९१९ चं. घरच्यांना वाटत होतं की खटले दोन झाले. तसं नव्हतं. भारतीय दंड संहितेच्या कलम ७० प्रमाणे शिक्षेपासून सहा वर्षांपर्यंत दंड वसूल करता येई, आणि माणूस मेला तरी त्याच्या मालमत्तेवरचा बोजा जात नसे. म्हणून मयताच्या नावाचं वॉरंट सापडलं तर ती कारकुनाची चूक समजू नका. आणि त्या दोन तारखांच्या मधे काय झालं ते आठवा. १९१८ साली दख्खनेत पाऊस गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. पाच रुपये का भरले नाहीत, हे मला मग कुणाला विचारावं लागलं नाही.

आता मागची बाजू. छापील हुकूमच असा असे की आरोपीची जंगम मालमत्ता अटकवावी, ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर रकमेपुरती विकावी, आणि काय केलं ते वॉरंटावर लिहून ते परत पाठवावं. ते लिहिलेलं म्हणजेच मागचा शेरा. त्यात पंच, सामानाची यादी, वजन, किंमत आणि सह्या सापडतात. मोडी येत नसेल तर येणाऱ्याला घेऊन बसा. शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, म्हणून भांड्यांची नावं ओळखीची असूनही निसटतात. घंगाळ, तपेलं, गुंडी, कासांडी, परात, हंडा ही नावं घरातल्या वयस्क बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. मोडीचा जाणकार अडला तिथे माझ्या सासूबाईंनी 'चरवी' पटकन सांगितली.

सह्यांपाशी थांबा. 'निशाणी नांगर' म्हणजे शेतकऱ्यानं सहीच्या जागी नांगराचं चिन्ह काढलं. 'निशाणी बांगडी' म्हणजे तिथे बाई हजर होती. 'दस्तुर खुद्द' म्हणजे स्वतःच्या हातची सही. आमच्या कागदावर आरोपीची निशाणी नाहीच, बांगडी आहे. शिपाई आला तेव्हा आजेसासरे घरी नव्हते; दारात उभ्या होत्या त्या आजेसासूबाई.

यादीत तीन नग. तांब्याची घागर, पितळी चरवी, पितळी परात. आणि परातीपुढे कारकुनानं लिहिलंय, 'वर नाव आहे', मग नाव. ते आजेसासूबाईंचं माहेरचं नाव.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. वॉरंट होतं आरोपीच्या मालमत्तेवर. नाव घातलेली माहेरची भांडी स्त्रीधन, ती नवऱ्याची नव्हेत. नोकरीत असे दावे मी हातांनी नोंदवले आहेत, वस्तू तिसऱ्याची आहे म्हणून सोडवल्याही आहेत. दिवाणी जप्तीत तर कायदाच सांगतो की अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं घ्यायची नाहीत. १९०८ च्या दिवाणी कायद्याचं कलम ६० त्यासाठीच आहे. दंडाच्या त्या छापील वॉरंटात अशी यादी नव्हती, 'जंगम मालमत्ता' एवढेच शब्द. सावकाराच्या देण्यात चुलीवरचं भांडं वाचायचं आणि आठ आण्यांच्या तिकिटापायी उचललं जायचं. तुमच्या यादीत भांड्यांवर नाव, खूण, माहेरचा उल्लेख असेल तर तो शब्दशः उतरवून घ्या. त्या काळातल्या बाईच्या मालकीचा लेखी पुरावा सहसा कुठे मिळत नाही. तो इथे, तिच्याविरुद्ध झालेल्या कामात मिळतो.

मूळ फाइल शोधायची तर तालुक्याचं आणि जिल्ह्याचं रेकॉर्ड रूम आधी, नंतर पुराभिलेखागार. पण किरकोळ फौजदारी प्रकरणं मुदत संपल्यावर नष्ट करत, त्यासाठी १९१७ चा कायदाच होता. फार आशा धरू नका. पुष्कळदा घरातला कागद हाच उरलेला एकुलता कागद असतो.

शेवटी प्रत्येक नगापुढचा शेरा स्वतंत्र वाचा, कारण यादीतलं सगळंच विकलं जात नसे. आमच्या यादीत घागर आणि चरवीपुढे 'विक्री' आहे, दोन्ही मिळून सहा रुपये दोन आणे. उरलेले दोन आणे परत दिल्याची नोंद, खाली पुन्हा बांगडी. रक्कम भागली म्हणून तिसऱ्या नगापुढे 'परत'. ती परात माझ्या स्वयंपाकघरात आहे, भाकरीचं पीठ अजून तिच्यातच मळते. कागद वाचून झाला त्या रात्री मी ती चिंचेनं घासली. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव झिजलंय, पण यादीतलं नाव शेजारी धरलं की सगळी अक्षरं लागतात.