निकाल शोधताना या चुका टाळा: खान्देशातल्या नव्या वकिलांसाठी

मोबाईलवर दोन शब्द टाकले की आता पन्नास निकाल समोर येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्टात नव्याने उभं राहणाऱ्यांची अडचण त्यानंतर सुरू होते: यातला कोणता निकाल आज कायदा म्हणून दाखवता येईल? संशोधनातल्या चार-पाच संज्ञा पक्क्या नसतील, तर त्याची किंमत पक्षकार मोजतो.

रद्द ठरलेला निकाल दाखवणं

वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा हा आपल्याकडचा रोजचा दावा. शोधलं की 'प्रकाश विरुद्ध फुलवती' हा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल सापडतो. त्यात म्हटलंय, 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असतील तरच मुलीला सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेतली सहहिस्सेदार) म्हणून हक्क. चोपड्याच्या एखाद्या बहिणीचे वडील 2001 मध्ये वारले असतील, तर तिचा दावा इथेच संपला असं वाटतं. तो संपलेला नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने मुलीचा हक्क जन्मानेच येतो, वडील त्या तारखेला हयात असणं गरजेचं नाही, असं सांगून फुलवतीचा निकाल 'ओव्हररूल' केला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटणीला धक्का लागत नाही. म्हणून वाटणीचा दस्त आधी मागून घ्या.

तीन शब्द इथे हमखास मिसळतात. त्याच प्रकरणात वरच्या कोर्टाने अपिलात निकाल फिरवला, तर 'रिव्हर्स'. पुढे दुसऱ्या प्रकरणात मोठ्या पीठाने किंवा वरच्या कोर्टाने आधीचं कायद्याचं सूत्र चूक ठरवलं, तर 'ओव्हररूल'. सूत्र बरोबर, पण इथली हकीकत वेगळी म्हणून लागू नाही असं म्हटलं, तर 'डिस्टिंग्विश'. तिसऱ्या प्रकारात जुना निकाल जिवंत असतो, तो सोडून देऊ नका.

हेडनोटवर थांबणं

हेडनोट, म्हणजे निकालाच्या आधी छापलेला सारांश, न्यायाधीश लिहीत नाहीत, रिपोर्टचे (निकाल छापणाऱ्या संग्रहाचे) संपादक लिहितात. परिच्छेद क्रमांक घेऊन मूळ मजकुरात जा. तिथेही जपून: निकालात आधी दोन्ही वकिलांचं म्हणणं नोंदवलेलं असतं आणि तेच वाक्य 'कोर्टाने म्हटलंय' म्हणून उचललं जातं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, कारण समोरच्या वकिलाने तोच परिच्छेद वाचून दाखवला की तुमच्या पुढच्या चांगल्या मुद्द्यावरचाही विश्वास जातो.

वाद मिटवायला जे कायद्याचं कारण लागलं, ते 'रेशो'. ते बंधनकारक. ओघात केलेली टिप्पणी म्हणजे 'ऑबिटर'. सर्वोच्च न्यायालयाची असेल तर तिलाही मोठं वजन आहे, पण ती ऑबिटर आहे हे ठाऊक असूनच दाखवा. ओळखायचं कसं? ते वाक्य काढून टाका आणि पाहा, निकालाचा आधार तसाच उभा राहतो का. राहिला, तर बहुधा ते ऑबिटर.

फक्त कलम क्रमांक टाकून शोधणं

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये गेले. दंड संहितेतला 302 खुनाच्या शिक्षेचा, भारतीय न्याय संहितेत ती शिक्षा 103 मध्ये. म्हणून कलमासोबत कायद्याचं नाव टाकाच. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल, तर जुनी दंड संहिताच लागू होते.

कोर्ट आणि पीठ न पाहणं

आपले तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. पण नागपूरचा किंवा मुंबईचा निकालही त्याच उच्च न्यायालयाचा आहे, जिल्हा न्यायालयावर तितकाच बंधनकारक. गुजरात किंवा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल मात्र, नवापूर नि रावेरची हद्द तिकडे लागून असली तरी, इथे फक्त पटवून देण्यापुरता. एक न्यायाधीश, दोन न्यायाधीशांचं खंडपीठ, तीन किंवा अधिक न्यायाधीशांचं पूर्णपीठ हा क्रमही बघा. दोन निकाल भांडत असतील, तर आधी न्यायाधीशांची संख्या मोजा.

सीएनआरला सायटेशन समजणं

सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक, प्रकरणाची स्थिती पाहण्यासाठी. निकाल दाखवायला सायटेशन लागतं: '(2020) 9 एससीसी 1' म्हणजे वर्ष, खंड, रिपोर्टचं नाव ('सुप्रीम कोर्ट केसेस'), पान.

जुन्या जिल्ह्याचं नाव विसरणं

जमिनीच्या वादात जुने निकाल लागतात. 1960 पर्यंत जळगाव म्हणजे पूर्व खान्देश आणि धुळे म्हणजे पश्चिम खान्देश. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. शहादा किंवा तळोद्याचं त्याआधीचं प्रकरण धुळ्याच्या नावाने शोधा, आणखी जुनं असेल तर पश्चिम खान्देशच्या.