हँडिकॅप ठेवताना या चुका टाळा

‘माझा हँडिकॅप १८, पण तसा खेळ होतच नाही,’ ही तक्रार गोल्फ क्लबात दर रविवारी ऐकू येते. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांच्या सवलतीचा आकडा. तक्रार करणाऱ्याचं काही बिघडलेलं नसतं. २०२० पासून चालू असलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांचीच सरासरी धरतात. त्यातून निघतो तो हँडिकॅप इंडेक्स. त्यामुळे हा आकडा तुमचा चांगला दिवस सांगतो. एरवी दोन-चार फटके जास्त जाणारच.

हे लक्षात आलं नाही की पुढची चूक होते आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक तीच आहे: फेरीच्या फटक्यांची कार्डं निवडून भरणं. खराब खेळ झाला की काही जण कार्ड खिशातच ठेवतात. मग इंडेक्स उगाच खाली येतो आणि स्पर्धेत त्यांना हक्काचे फटके मिळत नाहीत. काही जण उलट चांगली कार्डं लपवतात. तो सोबत खेळणाऱ्यांवर उघड अन्याय आहे. एखादा दिवस खराब गेला तर ते कार्ड पहिल्या आठात येतच नाही, त्याची भीती कशाला? फॉर्म खरंच गेला तरी इंडेक्सला लगाम आहे. वर्षभरातल्या नीचांकापेक्षा ३.० च्या वर गेलेली वाढ निम्मीच धरतात आणि त्या नीचांकापेक्षा ५.० हून जास्त तो वाढूच शकत नाही. उलट इंडेक्सपेक्षा ७.० किंवा अधिक चांगली फेरी झाली तर तो लगेच आणखी खाली खेचला जातो. म्हणून नियमाने खेळलेली प्रत्येक फेरी त्याच दिवशी, मध्यरात्रीच्या आत भरा. मात्र एकट्याने खेळलेली फेरी चालत नाही, सोबत किमान एक जण हवा.

एका होलवर दहा फटके गेले म्हणून फेरी सोडून देऊ नका. हँडिकॅपसाठी प्रत्येक होलला कमाल मर्यादा असते: पार (त्या होलसाठी ठरलेले फटके), अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे फटके. पार ४ वर एक फटका मिळत असेल तर दहाचे सातच धरले जातात. ज्यांचा इंडेक्स अजून निघालेला नाही, त्यांना पार अधिक पाच.

टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) बदलली तरी तोच हँडिकॅप धरणं ही दुसरी हमखास होणारी चूक. इंडेक्स तुमच्याबरोबर फिरतो, कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या मैदानावर प्रत्यक्ष मिळणारे फटके, मात्र टीप्रमाणे बदलतो. इंडेक्सला स्लोपने (सामान्य खेळाडूला ती टी किती अवघड, याचा आकडा) गुणा, ११३ ने (सरासरी स्लोप) भागा आणि कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूचे अपेक्षित फटके) पार वजा करून जे येईल ते मिळवा. समजा इंडेक्स १८.० आहे. मागच्या टीचा स्लोप १२८, रेटिंग ७१.५ आणि पार ७२ असेल तर २० फटके मिळतात. पुढच्या टीचा स्लोप ११३ आणि रेटिंग ६८.४ असेल तर त्याच खेळाडूला १४. सहा फटक्यांचा फरक! पहिल्या टीवर उभं राहण्याआधी क्लबातला तक्ता बघायला अर्धा मिनिट पुरतो. शिवाय वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात, कोर्स हँडिकॅपचे ९५ टक्केच धरतात, हेही विसरलं जातं.

गिमी, म्हणजे होलजवळचा चेंडू न मारताच आत गेला असं धरणं, मैत्रीत ठीक, पण स्ट्रोक प्लेच्या कार्डावर चेंडू होलमध्ये गेलाच पाहिजे. मॅच प्लेमध्ये (होलगणिक जिंकायचा खेळ) पाच फुटांच्या आतला पट (होलकडे चेंडू ढकलायचा फटका) सोडला असेल तर एक फटका मिळवून लिहा.

पावसाळ्यात चेंडू उचलून, पुसून ठेवायची सवलत असते, म्हणून जुलै-ऑगस्टची कार्डं मोजत नाहीत असा महाराष्ट्रात अनेकांचा समज आहे. क्लबने तसा स्थानिक नियम लावला असेल तर ती कार्डं पूर्ण ग्राह्य आहेत. नऊच होल खेळलात तरी कार्ड भरा. २०२४ पासून उरलेल्या नऊ होलचा अपेक्षित खेळ धरून लगेच १८ होलचा आकडा काढला जातो.

कंपनीच्या सहलीत सिस्टिम ३६ वापरतात: पार किंवा त्याहून चांगलं खेळल्यास २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, पुढे शून्य, आणि बेरीज ३६ मधून वजा. नवख्यांना सामावून घेणारी ही छान सोय आहे. पण तो आकडा त्या दिवसापुरताच. तो सांगून दुसऱ्या स्पर्धेत नाव देऊ नका. खरा इंडेक्स मिळायला ५४ होल, म्हणजे १८ होलच्या तीनच फेऱ्या लागतात.