परदेशी भागीदार आणायचाय? बेळगावच्या कारखानदारांनो, या चुका टाळा

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) धाकटा भाऊ दुपारी माझ्या टिळकवाडीच्या ऑफिसात आला, तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. पंपाची हाउसिंग ओतून, मशीनिंग करून इटलीला पाठवायचं काम त्यांच्याकडे दहा वर्षं होतं. आता तो ग्राहकच भांडवल घालायला तयार झाला होता.

"सर, पैसे आलेत की बँकेत. आता शेअर द्यायचे कसे तेवढं सांगा."

"कंपनी कधी काढलीत?"

"कंपनी म्हणजे... फर्म हाय की आपली. बाबांच्या नावची."

पेढा माझ्या हातातच राहिला. तीन भावांची भागीदारी फर्म, तिच्या चालू खात्यावर इटलीहून आलेले युरो आणि मेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं की हे भांडवल म्हणून पाठवतोय. परदेशी कंपनीला आपल्याकडच्या भागीदारी फर्ममध्ये सरळ भांडवल घालता येत नाही. ही वाट फक्त अनिवासी भारतीयांना आहे, तीही पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर. म्हणजे दुबईतला चुलतभाऊ फर्ममध्ये येऊ शकतो, इटलीचा ग्राहक नाही. बँकेशी चर्चा करून ती रक्कम परत पाठवावी लागली. जाण्या-येण्यात विनिमय दराचा फटका बसला तो बसलाच, पण त्याहून जड गेलं ते ग्राहकाच्या फायनान्स विभागाला समजावणं. त्यांचा एकच प्रश्न होता: तुम्हाला हे आधी माहीत नव्हतं का?

चूक अशी वरवर क्षुल्लक दिसते. आपली माणसं कामात कच्ची नाहीत. हीट नंबर (भट्टीच्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक), रिजेक्शनची टक्केवारी, सीएमएम या मोजमापाच्या यंत्राचा रिपोर्ट सगळं चोख असतं. घोळ होतो तो क्रमात. कागद आधी, पैसा नंतर, हा क्रम उलटला की पुढे प्रत्येक टप्प्यावर खुलासे लिहीत बसावं लागतं.

पैशाचा क्रम

आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, किंवा चालत असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. फर्मचं कंपनीत रूपांतर कंपनी कायद्यानुसार करता येतं. मग भागधारकांचा करार. मग व्हॅल्युएशन. इथे आणखी एक खोड दिसते: "दहा वर्षांचा ग्राहक आहे, त्याला शेअर जरा स्वस्तात देऊ." नाही देता येत. अनिवासी गुंतवणूकदाराला शेअर वाजवी मूल्याच्या खाली देता येत नाही. हे मूल्य सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर यांनी प्रमाणित केलेलं लागतं. सवलत द्यायचीच असेल तर कास्टिंगच्या दरात द्या, शेअरच्या दरात नको.

पैसे आल्यावर 60 दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत करायची. वाटप झाल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स या ऑनलाइन पोर्टलवर एफसी-जीपीआर हा, अनिवासी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म भरायचा. तो तुमच्या बँकेमार्फत तपासला जातो. त्याला पैसे आल्याचा दाखला आणि पाठवणाऱ्याच्या बँकेचा केवायसी अहवाल लागतो. हा केवायसी अहवाल सगळ्यात उशिरा येतो, म्हणून पैसे जमा झाले त्याच दिवशी बँकेत अर्ज टाका, वाटपाची वाट बघू नका.

फॉर्म भरायचा राहिलाच असेल तर लपवू नका. उशीर तीन वर्षांच्या आतला असेल तर बहुतेक वेळा विलंब शुल्क भरून विषय मिटतो. त्यापुढे कंपाउंडिंगची, म्हणजे चूक कबूल करून ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची वाट धरावी लागते, ती लांबची आहे. मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं शुल्कावरच मिटली. अडकली ती, जिथे मालकाने जुन्या तारखेचा ठराव तयार करून ठेवला होता.

आणि "आत्ता कर्ज म्हणून घेऊ, पुढे वाटलं तर शेअर करू" हे कराराच्या मसुद्यात दिसलं की थांबा. सक्तीने आणि पूर्णपणे शेअरमध्ये बदलणारं साधनच थेट गुंतवणूक धरलं जातं. पर्याय ठेवला की ते परदेशी कर्ज झालं, आणि त्याचे नियम वेगळे.

आकड्यांना भुलणं

2021-22 मध्ये देशात आलेल्या थेट परदेशी इक्विटीपैकी 38 टक्के कर्नाटकात आली, महाराष्ट्रात 26. 2024-25 मध्ये पारडं फिरलं: महाराष्ट्र 39 टक्के, कर्नाटक 13. हे आकडे पेपरात आले की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, शिनोळीला चला, दुसरा म्हणतो इथेच थांबा. दोघेही त्या आकड्यांतून नसलेला अर्थ काढतात. त्या तक्त्यात जिल्ह्याचा रकानाच नाही. 2021-22 मध्ये संगणक सॉफ्टवेअर-हार्डवेअर क्षेत्रात देशात जो परदेशी पैसा आला, त्यातला 53 टक्के एकट्या कर्नाटकात आला, आणि तो कुठे गेला हे उद्यमबागेच्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ उभं राहून विचारायची गरज नाही. महाराष्ट्राचा वाटा म्हणजे चंदगड नव्हे, तसा कर्नाटकाचा वाटा म्हणजे बेळगाव नव्हे.

तीच गत सामंजस्य करारांची. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या गुंतवणूकदार मेळाव्यात 10.27 लाख कोटींची आश्वासनं जाहीर झाली. आश्वासन म्हणजे साखरपुडा. त्यावर विसंबून शेड वाढवणारे एकदोघे माझ्या ओळखीत आहेत.

आपल्या भागात परदेशी भांडवल कसं आलं ते बघा. यमनापूरचा इंडालचा अॅल्युमिनियम कारखाना आठवतो ना? त्यामागे कॅनडाची अल्कन होती. 2000 साली तिचा हिस्सा हिंदाल्कोने घेतला. नंतर हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला एअरोस्पेसचं विशेष आर्थिक क्षेत्र उभं राहिलं. तिथे एक्वस या कंपनीने कॅनडाच्या मॅगेलनबरोबर पृष्ठप्रक्रियेची आणि फ्रान्सच्या ओबेर ए दुव्हालबरोबर फोर्जिंगची संयुक्त कंपनी काढली. यात परदेशी भागीदार त्याच धंद्यातले आहेत, नुसता पैसा घेऊन हिंडणारे नाहीत. म्हणून मेळाव्यात स्टॉल घेण्याआधी आपली निर्यातीची बिलं काढून बसा. पाच वर्षं सलग माल घेणारा, ड्रॉइंग तुमच्याबरोबर बदलणारा, वर्षातून एकदा ऑडिटला येणारा जो ग्राहक आहे, तोच तुमचा संभाव्य गुंतवणूकदार.

जमिनीचे कागद

इथे जरा थांबतो, कारण आपल्या सीमाभागात सर्वांत जास्त व्यवहार इथेच अडकतात.

1956 पूर्वी आपण मुंबई राज्यात होतो. त्यामुळे काही जागांचे जुने दस्त मराठीत आहेत, त्याही आधीचे मोडीत. नंतरचे फेरफार आणि पहाणी (इकडचा सातबारा) कन्नडमध्ये. परदेशी पाहुण्याच्या वकिलाला सगळं इंग्रजीत हवं असतं. एका व्यवहारात आजोबांचं नाव मराठी दस्तात पूर्ण आडनावासह होतं, कन्नड उताऱ्यात आडनाव गळून फक्त वडिलांचं नाव राहिलं होतं, आणि तिसऱ्या कागदावर इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेचं. मुंबईच्या वकिलाने सरळ लिहिलं: या तीन वेगळ्या व्यक्ती दिसतात. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी शोधून काढले, त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, ते लिप्यंतर नोटरी केलं, सोबत प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडली. या भानगडीत चार महिने गेले.

शहराच्या नावाचंही तसंच. आपण बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू, पण 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालंय. कंपनीच्या नोंदणीत जुनं स्पेलिंग, जीएसटीत नवं, बँकेत तिसरंच. परदेशी बँकेचं केवायसी यंत्र भावना ओळखत नाही, ते अक्षरं जुळवतं. सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या. हा वादाचा मुद्दा नाही, टपालाचा आहे.

शेड एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर असेल, वाटणीपत्र नोंदलेलं नसेल, बिनशेती झालेली नसेल, तर आधी ते. "आमच्यात तसं काही नाही, थोरल्या काकांचा शब्द आहे" हे वाक्य मी इंग्रजीत भाषांतर करून पाठवू शकत नाही. केआयएडीबीची, म्हणजे कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची जागा असेल तर लीज-कम-सेल (आधी भाडेपट्टा, मग विक्री) कराराची सगळी पानं वाचा. मालकी किंवा भागधारणा बदलताना मंडळाची परवानगी लागते का, हे तिथेच कळतं. परदेशी भागीदार आल्यावर ते कळणं महागात पडतं.

आणि शेडच्या मागची जळकी वाळू, म्हणजे ओतकामाच्या साच्यांतून उरलेली. पाहुणा सीएनसी बघून खूश होतो, चहा घेतो, मग सहज मागे चक्कर मारतो. एकदा मी सोबत होतो. कंपाउंडला टेकून पुरुषभर ढीग, पावसाने काळं पाणी शेजारच्या चरात. पाहुण्याने फोटो काढला, बोलला काहीच नाही. पंधरा दिवसांनी आलेल्या यादीत पहिला प्रश्न प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचा (संमतीपत्राचा) होता आणि दुसरा वाळू कुठे जाते याचा.

सीमेबद्दल काय सांगायचं

दोन टोकं दिसतात. काही जण विषयच काढत नाहीत, काही जण 1956 पासून सुरुवात करतात. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा परदेशी ग्राहकांचे फोन दुसऱ्याच दिवशी आले. इंटरनेटवर सगळं दिसतं. लपवलं तर तुमच्यावरचाच विश्वास जातो. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केलाय, एवढं एका वाक्यात सांगा. मग त्यांना खरं हवं असतं ते द्या: गेल्या तीन वर्षांत बंद-आंदोलनामुळे किती दिवस माल निघाला नाही, आणि त्या दिवशी कोणत्या रस्त्याने काढला. डिस्पॅच रजिस्टरमधून हा आकडा अर्ध्या तासात निघतो. बहुतेकांचा तो त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा कमीच भरतो.

शिनोळीचा प्रश्न वेगळा. सीमा ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्राची एमआयडीसी. बरेच जण ओतकाम इकडे आणि मशीनिंग तिकडे करतात. चालतं. पण दोन राज्यं म्हणजे दोन जीएसटी नोंदण्या, मालाच्या प्रत्येक फेरीला चलन आणि ई-वे बिल, आणि सवलती ज्या त्या राज्यातल्या युनिटपुरत्या. गुंतवणूकदाराला बेळगावची शेड दाखवून महाराष्ट्राच्या सवलतींचा तक्ता पाठवलेला मी पाहिलाय. तो तक्ता आपल्याच एका मित्राने केला होता, रात्री अकरा वाजता.

सवलती

धोरण वाचा, पण त्यावर धंद्याचं गणित उभारू नका. कर्नाटकाचं 2025-30 चं औद्योगिक धोरण बेंगळुरूबाहेरच्या भागाला झुकतं माप देतं, भांडवली अनुदान की उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन यांत निवडही देतं. मात्र हे पैसे खर्च झाल्यावर, उत्पादन सुरू झाल्यावर, छाननी होऊन येतात. पहिल्या वर्षाच्या रोखीत ते धरले की तक्ता छान दिसतो आणि पगाराच्या दिवशी फसतो. मी स्वतः अनुदान शून्य धरून एक तक्ता करतो. त्यात प्रकल्प टिकत नसेल तर भागीदाराला बोलावत नाही.

15 कोटींपर्यंतचा प्रकल्प जिल्हा पातळीवरच्या एक खिडकी समितीपुढे जातो, सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रातून. पत्रं कन्नडमध्ये येतात. ऑफिसात चांगलं कन्नड वाचणारा माणूस ठेवा. त्रुटीचं पत्र महिनाभर टेबलावर पडलं आणि अर्ज बंद झाला, हे दुर्दैव नव्हे, दुर्लक्ष आहे.

चीनचा भागीदार

मशीन पुरवणारा म्हणतो, थोडा हिस्सा घेतो. एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 ने भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी आवश्यक केली, मग क्षेत्र शंभर टक्के खुलं असो. पैसा सिंगापूरमार्गे आला तरी खरा मालक कोण हेच पाहिलं जातं. आजची स्थिती बँकेकडून लेखी घ्या, मगच बोलणी.

तर त्या तीन भावांचं. फर्मची कंपनी झाली, व्हॅल्युएशन झालं, इटलीचे पैसे दुसऱ्यांदा आले, वाटप एकविसाव्या दिवशी झालं. धाकट्याला वाटलं संपलं. दर वर्षी 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला परदेशी देणी-मालमत्तेचं विवरणपत्र द्यायचं असतं, नवा पैसा आला नसला तरी. त्याने ते माझ्यासमोरच फाउंड्रीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं, भट्टीच्या लायनिंगच्या तारखेखाली.