घरात कुत्राही आहे आणि पक्षीही? मग या चुका टाळा

"आमचा काही करत नाही हो, अगदी गरीब आहे."

हे वाक्य ऐकलं की माझी नजर आधी पिंजऱ्याच्या दाराकडे जाते. ते दार बहुतेक वेळा वर सरकवायचं असतं, त्याला कडी नसते आणि पिंजरा प्लास्टिकच्या स्टुलावर डुगडुगत असतो. गेली सतरा वर्षं माझ्या घरात कुत्री आणि पक्षी दोन्ही आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक मला विचारायला येतात. प्रश्न वेगवेगळे असतात, पण घोळ त्याच चार-पाच जागी असतात. आता सांगून सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

टक लावून बसलेला कुत्रा शांत नसतो

मला येणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा हमखास असतो. पिंजऱ्यासमोर लॅब्राडोर अर्धा तास बसलाय, हूं की चूं नाही, आणि खाली लिहिलेलं असतं, "बघा किती माया लावलीये!" मी तो व्हिडिओ आवाज बंद करून परत पाहते. मान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे वळलेले, अंग ताठ. मागून कुणी तरी त्याला हाक मारतं आणि त्याचा कान हलतसुद्धा नाही. ही माया नव्हे. शिकारीतली पहिली पायरी अशीच दिसते. आधी न्याहाळणं, मग दबकत जाणं, मग झेप, मग धरणं. शेपूट हलत असली तरी फसू नका. शेपटी उत्साहानेही हलते, आणि शिकारीचा उत्साह हाही उत्साहच.

त्यात आपल्याकडे सोसायट्यांमधून सगळ्यात जास्त दिसतात ते लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर. या दोघांचं मूळ कामच पाडलेला पक्षी तोंडात अलगद उचलून मालकाला आणून देणं. कॉकर स्पॅनियल झुडपातून पक्षी उठवायचा. पॉइंटर पक्षी दिसला की जागीच थिजायचा. म्हणजे माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून पक्ष्यांच्या मागे लावलेली ही जनावरं आपण बैठकीच्या खोलीत बजरीगरसारख्या चिमुकल्या पोपटासमोर आणून बसवतो आणि म्हणतो, गरीब आहे. गावठी कुत्रा पाळणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. त्याच्या पूर्वजांना कुणी शिकवलं नव्हतं, ते पोटासाठी शिकले.

माझी सवय सांगते. तिला पद्धत म्हणा किंवा खोड म्हणा. नवा कुत्रा घरात आला की पहिले काही आठवडे त्याला पक्षी दाखवतच नाही. आधी 'सोड' हा शब्द पक्का करायचा. सुरुवात मुठीतल्या बिस्किटावर, मग जमिनीवर पडलेल्या पोळीवर, मग चपलेवर. गच्चीतल्या कबुतरावर 'सोड' चालायला लागलं की मगच पिंजरा. तोही खोलीच्या त्या टोकाला, आणि कुत्रा पट्ट्यावर.

अंतर किती ठेवायचं, हे मला सगळे फुटांत विचारतात. मी उकडलेल्या चिकनच्या तुकड्याने मोजते. पक्षी समोर दिसत असतानाही कुत्रा माझ्या हातातला तुकडा पहिल्यासारखा आवडीने घेतोय, तर अंतर बरोबर आहे. तुकडा नाकाशी धरला तरी त्याची नजर पिंजऱ्यावरच खिळलीय, तर आपण फार पुढे आलोय. मुकाट्याने मागे सरकायचं. आणि तुकडा द्यायचा तो नेमका त्याने पिंजऱ्यावरून नजर काढून माझ्याकडे वळवली की. अर्धा सेकंद वळवली तरी चालेल. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, बास. पक्षी पंख फडफडवत असताना हे जमणं ही वेगळी परीक्षा, पक्षी दांडीवर गप्प बसलेला असताना जमणं वेगळी.

माझ्या मागच्या कुत्र्याला चार महिने लागले. "चार महिने?" असं म्हणून लोक माझ्याकडे बघतात. पोराच्या वाढदिवसाला कॉकाटील आणलाय (तुरेवाला लहान पोपट, बाजारात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात), पाहुणे पंधरा दिवसांनी येणार, तोवर जमवून द्या, अशी मागणी असते. जमत नाही. घाई असेल तर पक्षी मावशीकडे ठेवा.

रक्त नाही म्हणजे काही झालं नाही, हा भ्रम

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर.

गोट्या माझा लॅब, बत्तीस किलोचा. चिंगी माझी कॉकाटील, तळहातावर मावेल एवढी. हे पक्षी साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅमचे असतात. अडीच वर्षं दोघं एका घरात होते. गोट्या पिंजऱ्याकडे पाठ करून घोरायचा. माझा विश्वास इतका बसला होता की चिंगी पडद्याच्या दांडीवर मोकळी असताना मी स्वयंपाकघरात जायला लागले होते. शिवाय बाल्कनीतून उडून जाईल या भीतीने मी तिचे पंख कातरून घेतले होते.

एका संध्याकाळी कुकरची शिटी झाली. रोजचीच शिटी, पण त्या दिवशी चिंगी दचकली. दांडीवरून सुटली, कातरलेल्या पंखांनी तिला वर उचललं नाही, आणि फडफडत ती सरळ फरशीवर आली. मी गॅस बारीक करेपर्यंत गोट्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, शेपूट हलवत. मी हात पुढे केला, आणि त्याने चिंगीला माझ्या तळव्यावर ठेवलं, रोज बॉल ठेवायचा तसं.

पिसं लाळेने ओली. रक्ताचा थेंब नाही. चिंगी जिवंत, डोळे टक्क उघडे. मी चक्क गोट्याचं कौतुक केलं, "शहाणा गं माझा तो!" चिंगीला पुसलं, पिंजऱ्यात ठेवलं, वर ओढणी टाकली. रात्री ती पिसं फुलवून एका कोपऱ्यात बसली होती. भेदरली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली होती.

नंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते आधी माहीत असायला हवं होतं. कुत्र्यामांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. पिसांखाली दिसणारही नाही एवढा ओरखडा त्यांना आत शिरायला पुरतो, आणि पक्ष्याच्या रक्तात ते एक-दोन दिवसांत पसरू शकतात. अँटिबायोटिक सुरू करायचं ते काही तासांच्या आत. दुसरी गोष्ट दाबाची. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवून तो श्वास घेतो. कुत्र्याच्या जबड्यात, पंजाखाली किंवा लहान मुलाच्या मुठीत छाती दाबली गेली, की जखम न होताही तो गुदमरतो. 'तोंड मऊ आहे त्याचं' याला काही अर्थ उरत नाही.

गोट्याची चूक काढू नका. त्याने त्याच्या जातीचं काम चोख केलं. चुका माझ्या. पंख कातरले, दोघांना मोकळं ठेवून दुसऱ्या खोलीत गेले, आणि त्याच रात्री डॉक्टर गाठला नाही.

तेव्हापासून माझ्या घरात नियम एकच. पक्षी बाहेर असेल तर कुत्रा बंद दाराच्या पलीकडे. सराव चालू असेल तरच दोघं एका खोलीत, तेही पट्टा माझ्या हातात असताना. पट्टा सोफ्याच्या पायाला बांधलेला चालत नाही, कारण बत्तीस किलोचं जनावर सोफा ओढतं. दाराला बाहेरून पाटी लावते, 'पक्षी बाहेर आहे'. घरच्यांना हसू येतं, येऊ दे.

आणि पिसांना कुत्र्याची लाळ लागली, एवढ्यावरच डॉक्टर. ओरखडा शोधत बसायचं नाही, धुवायचं नाही, हळद चोळायची नाही. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत मऊ फडकं घाला, अंधारात आणि उबेत ठेवून निघा. सगळेच पशुवैद्य पक्षी बघत नाहीत. तुमच्या गावात कोण बघतो, रात्री फोन उचलतो का, हे पक्षी घरी आणायच्या आधी विचारून ठेवा.

पिंजऱ्याखालचं हॉटेल

पक्षी निम्मं खातो, निम्मं उधळतो. राळा, पेरूचे तुकडे, मक्याचे दाणे सगळं खाली पडतं. कुत्रा दिवसभर तिथेच का बसतो याचं उत्तर मैत्रीत नसून त्या दाण्यांमध्ये आहे. शेजारच्या बीगलला हे इतकं कळलं होतं की दाण्यांचा पाऊस कमी पडला तर तो स्टुलाला नाकाने ढोसायचा. एक दिवस स्टूल गेलं, पिंजरा गेला आणि तळाचा ट्रे निखळून दोन बजरीगर थेट पंख्याच्या दिशेने उडाले. पंखा बंद होता, नशीब. नंतर त्यांना पडद्यामागून काढताना माझी पाठ धरली, ते वेगळंच.

पिंजरा भिंतीतल्या पक्क्या खुंटीला टांगा किंवा जड स्टँडवर ठेवा, आणि कुत्र्याच्या उभ्या उंचीच्या वर ठेवा. खाली रुंद ट्रे. कुत्र्याची चटई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याला जे काही मिळायचं ते त्या चटईवरच. वर सरकणाऱ्या दाराला चाव्यांच्या जुडग्याची स्प्रिंगवाली कडी लावा. वीस रुपयांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

ओरडून, पाणी मारून, शॉकचा पट्टा घालून

यातून कुत्रा एवढंच शिकतो की तुम्ही समोर असताना हे करायचं नाही. तुम्ही अंघोळीला गेलात की तो मोकळा. शिवाय पक्षी दिसला की आपल्याला बोलणी बसतात, असं गणित त्याच्या डोक्यात पक्कं होतं आणि पक्ष्यावरचा राग वाढतो. गुरगुरण्याबद्दल मारलंत तर तो गुरगुरणं बंद करेल, म्हणजे तुम्हाला मिळणारी आगाऊ सूचना बंद होईल. पंधरा दिवसांत कुत्रा सरळ करून देतो म्हणणारे ट्रेनर बहुतेक याच वाटेने जातात. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही.

बाकीच्या चुका पटापट.

पिल्लू असताना एकत्र वाढवलं की झालं, असं नाही. मदत होते, पण तेच पिल्लू आठ-दहा महिन्यांचं झालं की वेगळंच जनावर समोर उभं राहतं.

कुत्र्याच्या डोक्यावर पक्षी बसवून रील काढू नका. त्या रीलमध्ये कुत्र्याच्या डोळ्यांचं पांढरं दिसतंय का, तो सारखा ओठ चाटतोय का, ते बघा. ही ताणाची लक्षणं.

दोन कुत्री असतील तर सराव एकेकट्याचा. दोघं मिळून जे करतात ते एकटा करत नाही.

गोचीड मारायचा स्प्रे पक्ष्यांच्या खोलीत मारायचा नाही, स्प्रे लावलेलं कुत्रंही तिकडे न्यायचं नाही.

दिवाळीत फटाके चालू असताना कुणालाच मोकळं सोडू नका. आधीच दोघांची हवा टाइट असते.

पक्ष्यालाही शिकवा. राळ्याचं कणीस दाखवलं की आपणहून पिंजऱ्यात जाणारा पक्षी निम्मी संकटं वाचवतो.

बोलणारा पक्षी असेल तर हाताच्या खुणा वापरा. एका घरात आफ्रिकन ग्रे मालकिणीच्या आवाजात कुत्र्याला "ये!" म्हणायचा. बिचारा धावत यायचा, समोर पोपट. आठवडाभरात त्याने खरी हाकही मनावर घेणं सोडलं. शिट्टी वापरून पाहिली, तर ग्रे दोन दिवसांत शिट्टी शिकला.

आणि हो, आपला हिरवा देशी पोपट पाळायचाच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. मग त्याला कुत्र्याची सवय कशी लावू, हे मला विचारू नका.

सध्या माझ्याकडे काळू आहे, गावठी, दीड वर्षाचा. पाच महिने झाले, बजरीगर फडफडले की तो अजून चिकन घेत नाही. घेईल असं मला आता वाटत नाही. सगळेच घेत नाहीत, हे लोकांना सांगितलेलं आवडत नाही. पक्ष्यांच्या खोलीला मी माझ्या खांद्याच्या उंचीवर दुसरी कडी बसवून घेतलीय. काळू दुपारी दाराबाहेर, फटीला नाक लावून झोपतो.