मोशन सेन्सर बसवताना या चुका टाळा

"भाऊ, हाऊ सेन्सर कामच करत नही!" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: निळी वायर कुठं जोडली?

माणूस समोरून गेला की दिवा लावणाऱ्या या बहुतेक सेन्सरला तीन वायरी असतात. तपकिरी फेजची (करंट आणणारी), निळी न्यूट्रलची (करंट परत नेणारी), आणि दिव्याकडे जाणारी ती लाल. रंग बदलू शकतात, खोक्यावरचं चित्र बघूनच जोडा. आपल्याकडच्या जुन्या घरांत स्विचबोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आलेलाच नसतो. मग हाताशी असलेल्या हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरला निळी पिळून देतात. दिवा लागतो, मालक खूश! सेन्सरला करंट जेमतेम लागतो, त्यामुळे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडेलच असं नाही. पण अर्थिंग कुठं तुटलेलं असलं, तर तोच करंट लोखंडी कूलरच्या पत्र्यावर येतो, आणि कूलरमध्ये पाणी ओतणारा माणूस ओल्या पायांनी उभा असतो. न्यूट्रल वरच्या जंक्शन बॉक्समधून ओढून आणा. एक तास जास्त जाईल, जाऊ द्या.

स्विच मात्र फेजवरच. न्यूट्रलवर बसवला तर बंद केल्यावरही होल्डरमध्ये फेज उभाच राहतो. बल्ब बदलताना मेन स्विच पाडा, टेस्टर लावून बघा.

आता भुसावळ-जळगावचा खास त्रास. मे महिन्यात रात्री आठ वाजताही ओट्याची भिंत चुलीसारखी तापलेली असते. हा सेन्सर माणूस बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक बघतो. हवा, भिंत सगळंच 37 अंशांच्या आसपास आलं की समोरून गेलेला माणूस त्याला दिसतच नाही. पावसाळा लागला की तोच सेन्सर गुमान चालतो, म्हणून उन्हाळ्यात बदलायची घाई करू नका. माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशा जागी लावा. सरळ त्याच्याकडे चालत येणारा त्याला उशिरा कळतो. कूलरचा झोत आणि हलणाऱ्या केळीच्या पानांकडे त्याचं तोंड नको, नाहीतर दिवा रात्रभर उगाच लागत राहील.

दिवा सारखा लागतो-विझतो? बहुधा दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडतोय. थोडा बाजूला सरकवा.

लाइट जाऊन आली की दिवा आधी अर्धा-एक मिनिट आपोआप पेटून राहतो. तो बिघाड नाही.